माझ्या कागदावर डोळ्यांना रकाना नाही

साहेब, तुम्ही माझ्या कागदावर खोटं लिहिलंत.

‘डावा डोळा गेलेला. कामावरची जखम. दोष धरू नये.’ एवढं लिहून खाली सही ठोकलीत आणि सहीवर गोल निळा शिक्का. त्याआधी तुम्ही मला टेबलावर उभं केलंत, माझे दात मोजलेत, कान नीट मुडपतात का ते बघितलंत, पाठीला पट्टी लावलीत, शेपटीचं बुड बोटांनी चाचपलंत. डोळ्यात मात्र बघितलं नाहीत. तुमच्या वरच्या खिशात छोटी बॅटरी होती. ती पेटवायला किती वेळ लागला असता? मी उरलेल्या उजव्या डोळ्यानं तुमच्याकडेच बघत होते, आणि त्या डोळ्याच्या आत काहीतरी लटलटायला लागलं होतं. तुम्ही पुढच्या कुत्र्याला हाक मारलीत.

मित्रांनो, दचकू नका. मी चावत नाही. मी एक जुनी, म्हणजे दहा वर्षांची, फॉक्स टेरियर जातीची कुत्री आहे. नाव भिंगरी. अंग पांढरं, डाव्या कानावर चहा सांडल्यासारखा डाग, उंची तुमच्या गुडघ्याला लागेल न लागेल एवढी. ‘कुत्री’ हा शब्द तुमच्यात शिवी म्हणून वापरतात हे मला माहीत आहे. खुशाल वापरा. मी कुत्री आहे, आणि मी आजवर एकाही कागदावर खोटं लिहिलेलं नाही.

चिडलेली असले तरी मी सुखात आहे, हेही आधीच सांगून टाकते. धारवाडला मळमड्डीत दीक्षाची, म्हणजे मला सांभाळणाऱ्या मुलीची, भाड्याची खोली आहे. खोलीपुढं दगडी पायरी आहे आणि पायरीवर सकाळचं ऊन येतं. ती पायरी माझी. डाव्या डोळ्याच्या जागी शिवण आहे. उजव्यानं जग दुधात कालवल्यासारखं दिसतं. पण शेजारच्या निवृत्त मास्तरांची स्कूटर मी कोपऱ्यावरूनच ओळखते. ती आधी खोकते आणि मग वळते. दोन वेळा भात मिळतो, वर अंडं. कुणी मला शूर म्हणत नाही. त्याचं केवढं सुख आहे म्हणून सांगू!

शूर म्हणण्याचाच तर सगळा घोळ झाला.

माझा जन्म अळणावरच्या बाहेर, रुळांच्या पलीकडे, एका भातगिरणीत झाला. कोंड्याच्या पोत्यांमागं, गोणपाटावर. आम्ही चार भावंडं. तिसऱ्या दिवशी चौघांच्याही शेपट्या अर्ध्या कापल्या, कारण लांब शेपटीला जातीचा कागद मिळत नाही म्हणे. गिरणीचा राखणदार भरमा. त्याच्या बापाच्या काळात कुणी एक साहेब बदली होऊन जाताना टेरियरची एक जोडी गिरणीत सोडून गेला होता. त्या एका जोडीपासून आम्ही सगळे. बेळगावात असो, हुबळीत असो, या भागात पांढरा टेरियर दिसला तर तो बहुतेक आमचाच चुलत नाहीतर मावस. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आमचं काम घुशी धरण्याचं. तुम्ही घूस बघितली आहे का? मांजर तिला बघून रस्ता बदलतं. भाताच्या थप्पीखाली घूस शिरली की पोतं वरून गच्च दिसतं आणि आतून पोकळ होतं. मांजराचं तिथं काम नाही, माणसाचा हात पोचत नाही. टेरियर पोचतो. मान आत, ढुंगण बाहेर, एक झटका. मी आठ महिन्यांची असताना पहिली घूस धरली. माझ्या निम्म्या वजनाची होती. भरमानं मला उचलून खांद्यावर घेतलं आणि गिरणीभर मिरवलं. मला तो वास अजून आठवतो, भरमाच्या खांद्याचा. कोंडा, घाम आणि विडी. त्या माणसानं माझ्यावर माया केली, हे मी कधी नाकारणार नाही.

सुगी संपली की गिरणीत शेवटची थप्पी फोडायचा एक दिवस असे. त्या दिवशी सगळे टेरियर एकदम सोडायचे. घुशी सैरावैरा, आम्ही त्यांच्यामागं, हमाल पोत्यांवर उभे राहून नावं घेऊन ओरडायचे. संपलं की भरमा कुत्र्यांच्या कपाळाला गुलाल लावायचा आणि खोबरं-गूळ द्यायचा. ज्याच्या जास्त घुशी त्याला जास्त गुलाल. पण सगळ्यात मोठा मान त्याचा नव्हता. सगळ्यात मोठा मान, ज्याचा एक डोळा गेलाय त्याचा. त्याला म्हणायचे ओक्कण्ण. कानडीत ओक्कण्ण म्हणजे एकडोळ्या. कारण भरमाचा बाप सांगून गेला होता, की जो टेरियर मागं हटत नाही त्याच्याच डोळ्याला घुशीचं नख लागतं. पळपुट्याचे दोन्ही डोळे शाबूत राहतात.

आता ऐका, किती सोपी चूक आहे. एकडोळ्या तो शूर. शुराची पिल्लं शूर. म्हणून आजूबाजूच्या पंचवीस गावांतून लोक आपली कुत्री घेऊन यायचे, ते एकडोळ्याकडेच. दोन डोळ्यांच्या धडधाकट कुत्र्याकडं कुणी ढुंकून बघायचं नाही. तो बिचारा पोत्यावर झोपलेला असायचा.

माझा सख्खा भाऊ, माझ्याच विणीचा, चौथ्या वर्षी ओक्कण्ण झाला. त्याचा डोळा आधी लाल झाला, मग त्यातून पाणी गळायला लागलं, मग तो धुरकट निळा झाला आणि फुगला. भरमाची बायको लक्कव्वा रोज हळदीच्या कोमट पाण्यानं तो डोळा धुवायची. भाऊ तिच्या मांडीत तोंड खुपसून कण्हायचा. बाहेर मात्र भरमा हमालांना सांगायचा, बघा, घुशीनं नख मारलं तरी सोडली नाही तिला. त्या वर्षी भावाच्या कपाळावर इतका गुलाल होता की तो दोन दिवस शिंकत होता. आणि त्याच वर्षी माझी त्याच्याशी जोडी लावली. सख्ख्या भावाशी. मला कोण विचारणार होतं?

त्या विणीतलं एक पिल्लू हुबळीला गेलं. कमरीपेठेत बुद्धभूषण म्हणून एक गृहस्थ राहतात, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी नेलं आणि त्याचं नाव फुटाणा ठेवलं. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, फरशीवर सतरंजी, खिडकीत तुळस. फुटाणाला तिथं सोडून येताना भरमा त्यांना म्हणाला होता, की शुराचं पोर आहे, घरात उंदीर ठेवायचा नाही.

पुढच्या वर्षी मला आणखी एक पिल्लू झालं, ठिणगी. तिची गोष्ट वेगळी. त्या वेळी फॉरेस्टच्या एका गार्डाचा कुत्रा कुंपणावरून उडी मारून आला होता. टेरियरच, पण परगावचा, आमच्या गोतातला नव्हे. दोन डोळ्यांचा. भरमाला हे कळलं तेव्हा त्यानं त्या कुत्र्याला काठी घेऊन नदीपर्यंत हाकललं. पण कागदावर काय लिहायचं? त्यानं बापाच्या जागी ओक्कण्णाचं, म्हणजे माझ्या भावाचं, नाव लिहिलं. साहेब, तोही कागद तुमच्याकडंच आला होता. तुम्ही विचारलं नाहीत. शिक्का.

सहाव्या वर्षी माझा डावा डोळा गेला. मित्रांनो, मी तुम्हाला शपथेवर सांगते, मी त्या सकाळी कोंड्याच्या पोत्यावर झोपले होते. घूस नव्हती. उंदीर नव्हता. साधी पाल नव्हती. झोपेतून उठले तर डोळ्यात कुणीतरी तापलेला खिळा ठेवल्यासारखं झालं. मी पंजानं चोळलं, पोत्याला डोकं घासलं. तो खिळा पुढं वर्षभर तिथंच होता. आणि तरी सुगीच्या शेवटी माझ्या कपाळावर गुलाल पडला तेव्हा मी शेपटीचा तो अर्धा तुकडा हलवला. हमाल म्हणाले, बाईमाणूस असून बघा. मला बरं वाटलं. खोटा मान कुत्र्यालाही गोड लागतो. ही माझी चूक, ती मी लपवत नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी भरमा मला हुबळीला कुत्र्यांच्या प्रदर्शनात घेऊन गेला. तिथं जातीच्या कागदांवर शिक्का मारणारे तुम्ही भेटलात, साहेब. ते सुरुवातीलाच सांगून झालंय.

आणि मग एका दुपारी पॅसेंजर गाडीनं दोन माणसं आली. बुद्धभूषण आणि त्यांची मुलगी दीक्षा. दीक्षाच्या काखेत फुटाणा. माझा मुलगा तीन वर्षांचा झाला होता. मी त्याला वासावरून ओळखलं आणि मग उजव्या डोळ्यानं बघितलं. त्याचा एक डोळा निळा होता.

भरमा कौतुकानं पुढं झाला. हाही ओक्कण्ण झाला की, म्हणाला, रक्तच तसं आहे. घूस केवढी होती म्हणून त्यानं विचारलं.

बुद्धभूषण सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “भरमाण्णा, आमच्या घरात झुरळ निघालं तर हा माझ्यामागं लपतो. दुसरा मजला आहे. घूस कुठली?”

गिरणीचा पट्टा तेव्हा बंद होता. त्यामुळं हे सगळ्या हमालांना ऐकू आलं.

दीक्षा जनावरांची डॉक्टर आहे आणि धारवाडला राहून कुत्र्यांच्या पिढीजात रोगांवर संशोधन करते. तिनं पोत्यावर बसून समजावून सांगितलं, ते मी तुम्हाला माझ्या शब्दांत सांगते. डोळ्याच्या आत एक भिंग असतं, हरभऱ्याच्या दाण्याएवढं. बाजेला जशी सुतळी विणलेली असते तसं ते बारीक धाग्यांनी चारी बाजूंनी बांधलेलं असतं. आमच्या गोतात ते धागे जन्मापासून कच्चे. तीन, चार, सहा वर्षं टिकतात, मग एक एक तुटतो. भिंग सुटतं, घसरतं, डोळ्यातल्या पाण्याची वाट अडवतं. पाणी साठून डोळा तटतटून फुगतो आणि आतली नजर मरते. एका डोळ्यात झालं की बहुतेकदा दुसऱ्यातही होतं. घुशीचा यात काहीही हात नाही. नख तर नाहीच.

आणि हे धागे कच्चे का? प्रत्येक पिल्लाला आईकडून एक बी मिळतं आणि बापाकडून एक. एक बी खराब असलं तर त्या कुत्र्याला सहसा काही होत नाही, ते फक्त पुढं जातं. दोन्ही खराब मिळाली की डोळे गेले म्हणून समजा. एका जोडीपासून वाढलेलं गोत, त्यात पुन्हा ज्यांचे डोळे गेलेत अशांनाच निवडून त्यांची पिल्लं काढायची. वाळवी लागलेल्या झाडाचीच कलमं करून गावभर वाटल्यासारखं झालं हे.

भरमा ऐकत होता. तो म्हणाला, शहरात शिकून आलात म्हणून आमच्या कुळाला बट्टा लावायला आलात काय. पंधरा दिवसांत ठिणगी माजावर येईल, तिची ओक्कण्णाशी जोडी ठरलेली आहे, बेळगावपासून लोकांनी पिल्लं सांगून ठेवली आहेत. शब्द दिलाय. दीक्षानं हात जोडून सांगितलं, की एवढी जोडी थांबवा. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना घेते, दुखत नाही. प्रयोगशाळेतून उत्तर यायला सहा आठवडे लागतील. तोवर थांबा. शिवाय जवळच्या नात्यात जोडी लावली तर हे बी दुप्पट वेगानं पसरतं.

“जवळचं नातं म्हणजे काय, मामा-भाची. आमच्यात चालतंय की,” भरमा म्हणाला. “मी माझ्या अक्काच्या लेकीलाच करून घेतलंय. काय बिघडलं?”

आतून लक्कव्वा म्हणाली, “काय बिघडलं ते मला विचारा, डॉक्टरबाई.”

हमाल हसले. दीक्षा हसली नाही. तिच्या हातात ठिणगीचा शिक्क्याचा कागद होता, भरमानंच कौतुकानं दाखवायला काढलेला. ती म्हणाली, “अण्णा, इथं मामा-भाची नाही लिहिलेलं. इथं ओक्कण्ण ठिणगीचा बाप आहे. तुम्ही बाप-लेकीची जोडी लावताय.”

आता भरमानं खरं सांगावं तर कागद खोटा, कागद खरा म्हणावा तर जोडी पाप. साहेब, त्या क्षणी तो माणूस तुमच्या शिक्क्यात अडकला होता, सापळ्यात उंदीर अडकावा तसा.

मग लक्कव्वा बाहेर आली. पदराला हात पुसत. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी ती नवऱ्याला अजून मामाच म्हणते. तिनं सांगितलं, ठिणगी त्या गार्डाच्या कुत्र्याची. काठी घेऊन कोण पळालं होतं ते सगळ्यांनी बघितलंय. मग ती फुटाणाजवळ खाली बसली, त्याच्या निळ्या डोळ्याच्या कडेनं अंगठा फिरवला आणि भरमाकडं न बघता बोलली.

“बावीस वर्सं मी ह्यांचं डोळं धुतेय, मामा. घुशीचं नख लागलं की नाक फाटतंय, ओठ फाटतंय, रगात येतंय. ह्यांच्यातल्या एकाच्या तरी पापणीवर ओरखडा होता काय? एकदा तरी कापूस लाल झाला काय?”

“मग इतकी वर्सं बोलली न्हाईस ती?”

“इचारलंस कधी? डोळं धुवायला बोलावलंस, तेवढी आले.”

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी पुष्कळ घुशी धरल्या. पण असा एका झटक्यात मान पकडलेला वार मी दुसरा बघितला नाही.

भरमा उठून रुळांकडं निघून गेला. लक्कव्वानं माझं तोंड स्वतः उघडून धरलं. दीक्षानं कापसाची काडी गालात फिरवली. जरा गुदगुल्या होतात, बस. काडी वाळवून पाकिटात, पाकिटावर नाव. मग ठिणगी, ओक्कण्ण, बाकीचे सगळे. दीक्षानं वंशावळीची वही काढली आणि कोण कुणाचं ते विचारलं. भरमाच्या पेटीत शिक्क्याचे कागद होते. लक्कव्वा म्हणाली, ते ठेवा बाजूला, मी सांगते. तिला लिहिता येत नाही. पण कोणती वीण धाकट्याच्या गोवरात झाली, कोणती चंद्रभागा नणंदेच्या लग्नात, कुणाचं पिल्लू कुणी उचललं, कुणाचा डोळा कोणत्या सुगीत गेला, सगळं तिच्या जिभेवर. दीक्षा लिहून दमली. सत्तावीस कुत्र्यांची खरी वंशावळ त्या दुपारी पहिल्यांदा कागदावर आली. शिक्क्याशिवाय.

निघताना दीक्षानं माझ्या उजव्या डोळ्यात बॅटरी मारली. दोन सेकंद. साहेब, मी मोजले. तिनं वडिलांना हाक मारून दाखवलं, की आतलं भिंग थरथरतंय, अजून सुटलेलं नाही, वेळ आहे. लक्कव्वानं मला त्याच संध्याकाळी त्यांच्याबरोबर गाडीत घातलं. धारवाडला माझं ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्यातलं सैल भिंग काढलं आणि डावा डोळा, जो नुसता दुखायला उरला होता, तो काढून शिवण घातली. भूल उतरली तेव्हा मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. बऱ्याच वेळानं कळलं, तो खिळा नव्हता. वर्षभरात पहिल्यांदा काहीच दुखत नव्हतं. त्या दिवशी मी वाटीभर भात खाल्ला आणि दुपारभर घोरले. माझं सुख तिथून सुरू होतं.

तिकडं गिरणीत मात्र गोष्ट संपली नव्हती. हे मला पुढं लक्कव्वाच्या तोंडून कळलं, ती दीक्षाकडं येते तेव्हा पायरीवर माझ्याशेजारीच बसते. सांगितल्याप्रमाणं ठिणगी माजावर आली. प्रयोगशाळेचं उत्तर यायचं होतं. भरमानं दिलेला शब्द आणि बायकोचं बोलणं, दोन्ही गिळून बघितलं, एकही उतरेना. शेवटी तो ठिणगीला न्यायला स्वयंपाकघराशी आला. लक्कव्वानं तिला चुलीशेजारी बांधलं होतं आणि स्वतः उंबऱ्यात बसली होती, पुढ्यात सुपात तांदूळ घेऊन. ती म्हणाली, मला ओलांडून जा. बायकोला ओलांडून कोण जाणार? अकरा दिवस ती बाई त्या उंबऱ्यात बसून होती. तांदूळ निवडले, पोहे निवडले, डाळ निवडली, शेवटी निवडलेलं पुन्हा निवडलं. बाहेर ओक्कण्ण ओरडत होता. त्याचा उरलेला डोळाही आता धुरकट झाला होता आणि तो ओरडत ओरडत खांबाला धडकत होता. भरमा ते अकरा दिवस बघत होता. लक्कव्वा म्हणते, मी नाही थांबवलं त्याला. त्या धडकण्यानं थांबवलं.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. बुद्धभूषण ते पाकीट घेऊन स्वतः अळणावरला गेले. सत्तावीस नमुन्यांपैकी अकरा कुत्र्यांत दोन्ही बी खराब. मी त्यांतली एक. ओक्कण्ण त्यांतला एक. फुटाणा तर होताच. बारा जणांत एक बी खराब. फक्त चार निर्मळ. आणि ठिणगीत एकच खराब बी निघालं. आता तुम्ही शाळेत हिशेब शिकता ना, मग करून बघा. मी दोन्ही खराब, ओक्कण्ण दोन्ही खराब. आमच्या दोघांच्या पिल्लाला एक चांगलं बी कुठून मिळणार? मिळूच शकत नाही. म्हणजे ठिणगीचा बाप ओक्कण्ण नव्हे. लक्कव्वाची जीभ खरी ठरली आणि निळा शिक्का खोटा.

भरमानं विचारलं, मग ठिणगी नासकी म्हणायची का, सोडून द्यायची का कुठं लांब. दीक्षा फोनवर होती. ती म्हणाली, मुळीच नाही. तिचे डोळे या रोगानं सहसा जाणार नाहीत. तिची जोडी फक्त निर्मळ कुत्र्याशी लावा, मग तिच्या एकाही पिल्लाला हा रोग होणार नाही. त्या पिल्लांचीही काडी फिरवा, आणि अशी दोन-तीन पिढ्या काळजी घ्या. रोग जाईल, कुत्री राहतील. एकालाही टाकून द्यायची गरज नाही.

मग भरमानं एक प्रश्न विचारला. बुद्धभूषण सांगतात, त्यानं तो फोनमध्ये न विचारता फोन बाजूला धरून विचारला, म्हणजे ऐकू गेलं नाही तर बरं अशा आवाजात.

“म्हणजे माझा ओक्कण्ण शूर नव्हता?”

दीक्षाला ऐकू गेलं होतं. “शूर होता, अण्णा,” ती म्हणाली. “डोळ्यात एवढी कळ असताना घुशी धरत होता.”

भरमा पोत्यावर बसून रडला. मग उठला, ओक्कण्णाला काखेत घेतलं आणि पुढच्या गाडीनं धारवाडला आला. उशीर झाला होता, नजर काही वाचली नाही. पण त्याचीही कळ गेली. आता माझा भाऊ गिरणीच्या दारात बाजेखाली झोपतो आणि हमालांच्या पायांचा वास मोजतो. त्या वर्षी थप्पी फोडली तेव्हा भरमानं गुलालाचं ताट लक्कव्वाच्या हातात दिलं. तिनं दोन डोळ्यांच्या, एका डोळ्याच्या, सगळ्यांच्या कपाळाला सारखंच बोट लावलं. आणि आधी प्रत्येकाच्या डोळ्यात बॅटरी मारली. भरमानं आणून दिली होती.

मित्रांनो, तुम्ही कधी पिल्लू घरी न्याल तेव्हा त्याचे कान-शेपटी बघण्याआधी त्याच्या आईबापांचे डोळे कसे आहेत ते विचारा. घरात कुत्रा असेल आणि त्याला काही पिढीजात दुखणं असेल तर ते लपवू नका. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, लाज लपवण्यात आहे. कुणी दीक्षासारखी कापसाची काडी घेऊन दारात आली तर तिला हाकलू नका, चहा द्या. आमच्या गालातल्या थुंकीनं पुढच्या पिल्लांची नजर वाचते, याहून स्वस्त पुण्य नाही. आणि तुमच्या घरात जी बाई गुपचूप डोळे धुते ना, तिला एकदा विचारा, कापूस कधी लाल झाला होता का.

आता साहेब, तुम्ही.

मागच्या वर्षी भरमानं तुम्हाला अर्ज केला. आपलं खोटं त्यानं आपल्या हातानं लिहून कबूल केलं, खाली सही केली, लक्कव्वानं अंगठा उठवला. मागणी दोनच. ठिणगीच्या बापाचं नाव दुरुस्त करा, आणि कागदावर डोळ्यांच्या तपासणीचा एक रकाना घाला. रंगाला रकाना आहे. कानाला आहे. कापलेल्या शेपटीला आहे. डोळ्यांना नाही. तुमचं उत्तर आलं, की एकदा मारलेला शिक्का बदलता येत नाही, आणि रकान्याबद्दल विचार होईल. विचार होतोय तोवर तुमच्या शिक्क्याचे एकडोळे गावोगाव फिरतायत आणि लोक त्यांना शूर म्हणतायत.

निर्मळ बापापासून झालेली ठिणगीची लेक आता दीड वर्षाची आहे. काडी फिरवून झाली, दोन्ही बी चांगली. पुढच्या प्रदर्शनात भरमा तिला तुमच्या टेबलावर ठेवणार आहे. मीही येणार आहे. मला फारसं दिसणार नाही, पण खिशातली बॅटरी पेटल्याचा टक् आवाज मला नक्की ऐकू येईल.

ती पेटवणार की नाही, साहेब? विचार करतो असं नको. हो किंवा नाही, एवढंच लिहा, आणि या वेळी खाली तुमचं नावही नीट वाचता येईल असं लिहा.